देवांना सर्दी होऊ नये म्हणून

आईला अकोल्याच्या दवाखान्यात भरती केलं, डॉक्टर म्हणाले, "वय बघता आता काही सांगता येत नाही," आणि मी घरी येऊन तिचे देव पाण्यात ठेवले. चौतीस वर्षं मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. अंधश्रद्धेवर भाषणं ठोकली. आणि आता स्टीलच्या पातेल्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि गणपती बुडवून "आई घरी येईपर्यंत बाहेर काढणार नाही" अशी सरळसरळ धमकी देत होतो. बायको दारातून बघत होती. "फिल्टरचं पाणी घेतलंत की नळाचं?" एवढंच तिने विचारलं.

हे शिक्षण आईचंच. बाबा फौजेत सुभेदार होते. त्यांना सीमेवर पाठवलं की अमरावतीच्या घरी आई देव पाण्यात ठेवायची आणि ते सुखरूप सुट्टीवर आले की बाहेर काढायची. देवांना पाण्यात ठेवतात ते त्यांची जरा अडचण व्हावी म्हणून, म्हणजे ते लवकर हातपाय हलवतील. पण आईला ती अडचण बघवत नसे. हिवाळ्यात ती रोज सकाळी पातेल्यात कोमट पाणी ओतायची. आजी, म्हणजे तिची सासू, कपाळाला हात लावायची.

"अवं, असं आंघोळीचं पाणी देशीन तं तो काहून घाई करीन? थंडं टाक!"

"अन् त्याईले सर्दी झाली तं माह्या माणसाकडे कोण पाहीन?"

 

एकदा तर देव सात महिने पाण्यात होते. मागाहून कळलं की बाबांची केव्हाच एका शांत छावणीत बदली झाली होती आणि ते तिथल्या रेशनच्या कोठारात तुरीच्या डाळीवर पहारा देत होते. पत्रात तेवढं लिहायचं राहून गेलं होतं. घरी आले तेव्हा आईने त्यांना प्यायला पाणीसुद्धा विचारलं नाही. "आधी त्याईची माफी मागा," म्हणाली. बाबांनी वर्दीतच पातेल्यासमोर टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. आम्ही भावंडं हसून हसून लोळलो. आई मात्र हसली नाही, ती देव पुसत होती.

बाबा जाऊनही आता वीस वर्षं झाली होती. माझ्या धमकीनंतर नवव्या दिवशी आई घरी आली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, चिपाडासारखी वाळलेली, पण ऑटोतून उतरली ती भिंत धरत थेट देवघरात. पातेल्यात बोट घातलं.

"थंडं पाणी?"

"आई, तुह्यासाठीच ठेवले ना."

"काहून? मी काय लढाईवर गेली होती? माह्या वयाच्या बाईनं कधी ना कधी जायचंच राह्यते. त्याच्यापायी याईले काहून तरास देऊन राहिला तू?"

मग तिने एकेक देव पदराने कोरडा केला, बायकोला हळदीचं दूध गरम करायला लावलं आणि तिघांना नैवेद्य दाखवला. उरलेलं दूध मला प्यावं लागलं. त्यानंतर माझा हात बाळकृष्णाच्या डोक्यावर ठेवून म्हणाली, "पुन्हा माह्यासाठी याईले पाण्यात ठेवजो नको. कबूल कर." पासष्टीला आलेला प्राध्यापक, मी मान खाली घालून "कबूल" म्हणालो. बायको तोंडावर पदर धरून आत पळाली.

चार महिन्यांनी पुन्हा तोच दवाखाना, तेच डॉक्टर, तेच वाक्य. मी घरी आलो, पातेलं काढलं, पाणी भरलं, हाताला लागेल न लागेल इतकं तापवलंही. देव उचलायला गेलो आणि थांबलो. कबूल केलं होतं. पाणी ओतून दिलं, पातेलं पालथं घातलं.

तिसऱ्या दिवशी आई गेली.

पातेल्यातल्या पाण्याचा आणि माणसाच्या श्वासाचा काहीएक संबंध नसतो, हे मी कुणालाही फळ्यावर समजावून सांगेन. पण आयुष्यभर तिचं एक ऐकलं नाही, आणि नेमकं तेवढं ऐकलं, याचा मला अजून राग येतो.