लळिंगच्या घाटात उतरणारी बाई

आमचा धंदा लग्नात उजेड द्यायचा. म्हणजे जनरेटरचा. त्या काळात धुळ्याच्या आसपास लग्नाचा मुहूर्त आणि वीज जायची वेळ एकच असायची. हे कुणी ठरवून करायचं की काय, देव जाणे! माणसं हातात अक्षता घेऊन अंधारात उभी, भटजी चाचपडतायत, नवरीच्या मामाला नवरी दिसत नाही. म्हणून ज्याच्या घरी लग्न, तो आधी आमच्या दारात यायचा आणि मग आचाऱ्याकडे जायचा.

जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला, आणि ट्रॉली ओढायला आमची जुनी पिकअप. पिकअप आपलं म्हणायचं. लष्कराच्या लिलावातली जीप घेऊन, तिचा मागचा भाग कापून, धुळ्यातल्याच एका कारागिराने तिला हौदा बसवला होता. सपाटीवर चालायची बरी. साक्रीला न्या, दोंडाईचाला न्या, कुरकुरत का होईना पोचवायची. पण मालेगावच्या रस्त्याला लळिंगचा घाट लागला की तिचा जीव जायचा. आणि आमची निम्मी लग्नं घाटापलीकडची.

तो घाट काही मोठा नाही. एसटीत बसून जाणाऱ्याला तो कळतही नाही. मला मात्र त्याचा दगड न् दगड ठाऊक आहे, कारण मी तो पायी चढलेय. चढ सुरू झाला, इंजिन धापा टाकायला लागलं, की आमचे हे ओरडायचे, "उतर!" हे म्हणजे माझे यजमान. मी पदर खोचून उडी मारायची, बाभळीचा ठोकळा उचलायचा आणि ट्रॉलीच्या चाकामागे चालायला लागायचं. गाडी थांबली रे थांबली की ठोकळा चाकाखाली सारायचा, नाहीतर सगळं लटांबर मागे घरंगळत पुन्हा पायथ्याशी. आमचा वायरमन म्हातारपणाकडे झुकलेला, त्याला सगळे आबा म्हणायचे. तो मागे उभा राहून लाल पंचा हलवत ट्रकवाल्यांना आवरायचा. इंजिनला पाणी पाजायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा थोडं चढायचं, पुन्हा ठोकळा. ट्रकवाले हसायचे. "बाई, गाडीपेक्षा तुम्हीच ओढा!" म्हणायचे. मीही काही ऐकून घेणारी नव्हे. "तुमच्या घरच्यांना पाठवा मदतीला," म्हणायची.

लोकांना वाटायचं, काय हाल आहेत बिचारीचे! सासूबाईंनाही वाटायचं. खरं सांगते, मला त्या फेऱ्या आवडायच्या. घरात काय होतं? चूल, धुणं आणि समोरच्या भिंतीवर वाळत घातलेल्या गोधड्या. गाडीत बसलं की पांझरेचा पूल मागे पडायचा, वारा लागायचा, हे गाडी चालवता चालवता बोलायचे. घरी हा माणूस चार शब्द बोलायचा नाही. गाडीत मात्र कुठल्या लग्नात कोण रुसलं, कुणाच्या व्याह्याने पंगतीतून ताट उचललं, सगळं रंगवून सांगायचे. मग लग्नाच्या गावी पोचलं की नवरी बघायची, गरम जिलबी खायची, आणि आपल्या दिव्यांनी मांडव उजळला की सगळे "हाऽऽ" करायचे ते ऐकायचं. मला वाटायचं, हे मला सोबत म्हणून नेतात. ठोकळ्याचं काय, ते जाता जाता.

मग एका लग्नाला जाताना ठोकळा सटकला. पाऊस नाही, काही नाही, डांबर वितळून गुळगुळीत झालं होतं एवढंच. चाक माझ्या बोटांना घासून थांबलं. दोन बोटांची सालटी गेली, बाकी काही झालं नाही. पण हे खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या दिवशी लग्नात त्यांनी घास घेतला नाही. घरी आल्यावर मीच आवाज चढवला, "ही खटारा गाडी विका आणि धड दुसरी घ्या. एक तर ही राहील, नाहीतर मी!" भांडणात माणूस बोलतो तसं बोलले. यांचा त्या जुन्या गाडीवर पोटच्या पोरासारखा जीव. मला वाटलं, महिनाभर धुसफूस चालेल. पण हे एवढंच म्हणाले, "घेऊ."

मी जळगावची, मेहरूणची. माझ्या भावाने तिकडे एक पिकअप बघून ठेवली होती, एकाच हातातली, डिझेल, बांधा दणकट, मागे ओढायला हूक कंपनीचाच. जुनी देऊन ती आणली. दारात गाडी उभी राहिली तेव्हा गल्ली जमली. मी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, ओवाळलं. आमच्याकडे रीत अशी की नव्या गाडीत पहिली बसते ती घरची लक्ष्मी. तशी मी पुढे बसले आणि आम्ही एकवीरेला जाऊन आलो. गाडी अशी चालत होती की पोटातलं पाणी हलेना. माय वं, काय आनंद झाला होता मला!

आणि त्याच आठवड्यात घाटापलीकडचं लग्न आलं. मी भाकऱ्या बांधल्या, साडी बदलली, दारात येऊन बघते तर माझ्या जागेवर आबा बसलेला. पूर्वी तो हौद्यात बसायचा. हे त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "तू कथी चालनी? आते तुनं काय काम? घरमा आराम कर."

गाडी गेलीसुद्धा. मी भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन दारात उभी.

संध्याकाळी लवकरच परत आले, एकदम खुशीत. "घाट समजनाच नही," म्हणाले. मी ताट आपटलं. त्यांना वाटलं, भाजीत मीठ कमी पडलंय म्हणून मी स्वतःवरच चिडलेय. बाकी काही विचारायचं त्यांना सुचलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "सुटलीस गं बाई." सगळ्यांना मी सुटले होते. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! रात्रभर मनाशी भांडत होते. गाडी मीच मागितली, आता कुणाला दोष देऊ? आपलेच दात, आपलेच ओठ.

पुढच्या लग्नाच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या सीटवर बसले. आबा आला, मला बघून खालीच थांबला. हे आले.

"उतर," म्हणाले.

"घाट अजून आला नाही."

"तठे तुले काय काम शे?"

"काही काम नाही. पूजेला मी लक्ष्मी आणि लग्नाला जाताना कोण? मी येणार."

गल्लीतल्या बायका बघत होत्या. हे कानकोंडे झाले. आवाज खाली आणून म्हणाले, "तुले तरास नको म्हनीसन तं ही गाडी लिधी. त्या दिनले तुना हात गया आस्ता."

"हात माझा होता. त्रास होतो असं मी कधी म्हटलं? मला वाटत होतं तुम्ही मला सोबत म्हणून नेता. ठोकळा लावायलाच नेत होता का इतकी वर्षं?"

बोलले आणि रडूच आलं. रस्त्यात, सगळ्यांदेखत. मला रडू आलं की त्याचाही राग येतो, म्हणून जास्तच रडले. खोटं बोलता येत नाही या माणसाला, तेवढा एक गुण आहे. हे दाराबाहेरूनच स्टिअरिंगवर हात ठेवून उभे राहिले. मग आबाच म्हणाला, "भाऊ, मी माघे बसस. मले हवा लागस तठे," आणि हौद्यात चढला.

गाडी निघाली. पूल गेला, घाट आला, घाट गेला. लग्नाच्या गावात मांडवाशी गाडी लावली. नवरीचे वडील पुढे आले, पाण्याचा तांब्या पुढे केला. मला वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी यांना विचारलं, "या बाई काय काम करतात जनरेटरवर?"

हे ट्रॉलीचा हूक सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "काहीच करत नही. मनासंगे येस, सोबतले."