कस्तुराबाईंच्या गुढीला लिंब नाही

पाडव्याला सगळं पेडगाव गुढीला लिंबाचा डहाळा बांधतं, एकट्या कस्तुराबाई बांधत नाहीत. नव्वदी ओलांडली, पण हट्ट सुटला नाही. नातसून पंकजा दरवर्षी विचारते आणि दरवर्षी बोलणी खाते.

निजामाच्या शेवटच्या वर्षी, रझाकारांच्या धामधुमीत, कस्तुरा चौदा वर्षांची होती. तोंडभर देवीचे वण. अशा पोरीला कोण करून घेणार, असं गाव तिच्या तोंडावर म्हणायचं; गावाला कधी लाज असते होय! जळालेल्या गावातून आलेली पाच पोरं तिचा चुलता सटवाजी यानं कडब्यात लपवली होती. झडती येणार अशी कुणकुण लागली. पोरं वऱ्हाडच्या हद्दीत पोचली तरच जगणार होती आणि वाटेवर नाका होता. गडीमाणूस दिसला की तिथं गोळी घालत.

"तूच जा," सटवाजी म्हणाला. "तुला देवी येऊन गेल्यात. तुझं तोंड बघून खरं वाटंल."

देवी आलेल्या घराला लिंब टांगत आणि तिकडं कुणी फिरकत नसे. कस्तुरानं बैलगाडीला लिंब बांधला, पोरांना गोधडीखाली निजवलं, कण्हायला शिकवलं. सगळ्यांत धाकटी छबू, चार वर्षांची. निघाल्यावर दुसऱ्या दिवशी ती सकाळपासूनच कण्हत होती. पोरगी हुशार आहे, असं कस्तुराला वाटलं.

भर दुपारी नाक्यावर दोघे बंदूकवाले आडवे आले. "गाडी में क्या है?"

"देवीबाई आल्यात पोरांना," म्हणत कस्तुरानं तोंडावरचा पदर मागं सारला.

एक जण तिथंच थबकला. देवीच्या भीतीला जातधर्म नसतो. दुसरा मात्र संशयी. त्यानं बंदुकीच्या नळीनं गोधडी उचलली, छबूच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागं घेतला.

"जाने दो," तो तळहात पायजम्याला पुसत म्हणाला.

हद्द ओलांडल्यावर चार पोरं उठून हसायला लागली. छबू उठली नाही.

"ऊठ गं. लय चांगलं सोंग केलंस," कस्तुरा म्हणाली.

"सोंग न्हाई, अक्का. मला थंडी वाजायलीय."

हद्दीपलीकडं पळून आलेल्यांची छावणी होती; तिथं तिसऱ्या दिवशी तिच्या अंगावर देवीचे फोड उठले. जवळ कुणी जाईना. कस्तुरानंच तिला शेवटपर्यंत मांडीवर घेतलं. चौघं जगली.

यंदा पंकजा धीर करून म्हणाली, "आजी, ताप तिला आधीच आलता. तुमचा काय दोष?"

"तेच तर," म्हातारी म्हणाली. "ताप आलता, आन मी तिला शाबासकी दिली."