ट्रेवर पाणी घालू नका

राजुरीतल्या ज्या घरात मी काम करते आणि राहते, तिथं सणाला मुलं घरी आली की लझानिया नावाचा इटालियन पदार्थ होतो. आमच्या यवतमाळकडच्या गावात हे सांगितलं तर बाया तोंडाला पदर लावून हसतील. पहिल्यांदा मलाही तो शब्द म्हणता येत नव्हता. पण इथं तरी कोण नीट म्हणतं? घरचे मालक, म्हणजे आबा, त्याला 'थर' म्हणतात. "काय, आज थर लावायचे का?" असं ते ओट्यावरनंच विचारतात, आणि आतून मालकीणबाई, म्हणजे काकू, म्हणतात, "लावायचेत. तुमी आधी टोमॅटो आणून टाका."

हा प्रकार घरात आणला ताईंनी, त्यांच्या थोरल्या मुलीनं. लग्नाआधी त्या पुण्यात हॉटेलचं शिक्षण घेत होत्या. आता त्या अवसरी बुद्रुकला सासरी असतात आणि धाकटे दादा पुण्यात नोकरीला. दोघं एकाच वेळी घरी आले की काकू गव्हाच्या पिठात थोडा मैदा घालून करंजीच्या पारीसारख्या पातळ पोळ्या लाटतात, चौकोनी कापतात, उकळत्या पाण्यातून काढून जुन्या सुती साडीवर पसरतात. टोमॅटोचा दाट रस्सा मी करते. एवढ्यापर्यंत घरात शांतता असते. भांडण सुरू होतं ते मधल्या सारणावरून.

आबांना पाकिटातलं चीज चालत नाही. त्यांचा गोठा आहे, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध जातं, आणि आपल्या दुधाचं नसलेलं काही त्यांना तोंडात नको असतं. त्यांना पाहिजे घट्ट टांगलेला चक्का, त्यात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. काकूंना घरचं पनीर आणि मेथी. ताईंना दूध फाडून केलेलं मऊसर, पालक आणि जायफळ घातलेलं. दादांना ताणलं की हातभर लांब होणारं पिवळं चीज, दुसरं काहीच नको.

"आरं, चप्पल चावल्यावाणी लागतं ते," आबा म्हणतात.

"आणि तुमचं? श्रीखंडात लसूण!" दादा म्हणतात.

"लसूण हाय म्हणून तर ह्या वयात हाडं जाग्यावर हायेत. तुझी बघ."

यावर काकूंनी तोड काढली आहे. त्यांच्या लग्नात मामांनी दिलेला स्टीलचा एक खोल ट्रे आहे. कडेवर मामांचं नाव मशीननं कोरलेलं. नावाच्या उजव्या हाताचा कोपरा आबांचा, डाव्या हाताचा काकूंचा. समोरचे दोन ताईंचे आणि दादांचे. पोळ्या आणि रस्सा सगळ्यांचा एकच, सारण ज्याचं त्याच्या कोपऱ्यात. मधोमध जे एकमेकांत मिसळतं त्याला कुणी वाली नसतो, ते मला मिळतं.

घरात ओव्हन नाही. दिवाळीत इथले लोक रवा, तूप, साखर नेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणतात, तसा आमचा ट्रे बेकरीच्या भट्टीत जातो. दादांच्या गाडीवर मागं बसून मी तो मांडीवर धरते, खाली गोणपाट दुमडून. उन्हं कलायच्या आत परत यावं लागतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि बिबट्या हल्ली दिवसासुद्धा दिसतो. परत येताना ट्रे गरम असतो आणि सगळ्या कपड्यांना वास लागतो. त्या वेळी मला वाटतं, मी या घरातली आहे. गाडी थांबली की ते वाटणं जातं.

मी सातवीनंतर शाळा सोडली. गावाकडच्या बायांच्या टोळीबरोबर कांदा काढायला अवसरीला आले. टोळी परत गेली आणि मी राहिले, कारण त्याच सुमाराला काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरात बाई हवी होती. ताईंनी मला शेतात पाहिलं होतं, त्यांनीच इकडं आणून सोडलं. गोठ्याशेजारची खोली दिली. खोलीला कडी दिली, आतून. बाहेरच्या माणसाला यात काय मोठं वाटणार, पण टोळीबरोबर राहुट्यांमधून राहिलेल्या बाईला आतून लावायच्या कडीचं मोल कळतं. काकूंनी मला पेपर वाचायची सवय लावली. आजारी पडले तेव्हा आबांनी स्वतः घोडेगावहून औषध आणलं. माझ्या डोक्यावर या घराचे उपकार आहेत आणि मला ते सतत वजनासारखे जाणवतात. हातून काही सांडलं, भाजीत मीठ जास्त झालं, की त्या दिवशी मी न सांगता दुप्पट कामं उरकते. कुणी काही बोलत नाही. न बोलण्याचीच जास्त भीती वाटते.

म्हणून कुणी काय हवं विचारलं की मी "काहीही चालेल" म्हणते. चहा की कॉफी? काहीही. लाल साडी की हिरवी? काहीही. हे उत्तर कधी चुकत नाही.

गेल्या दिवाळीत मात्र ते चाललं नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी सगळे ओट्यावर बसले होते. मी पालक निवडत होते. ताई अचानक म्हणाल्या, "आई, हिचा कोपरा कुठला गं?"

"ट्रेला कोपरे चारच असतात," दादा म्हणाले. "पाचवा पाहिजे तर मामांना सांगा, नवीन ट्रे द्या म्हणून."

"मामा आता वरनं देणार का?" आबा म्हणाले, आणि सगळे हसले.

काकू हसल्या नाहीत. "मधी कणकेच्या भिंती घालू," त्या म्हणाल्या. "चौकोन करू हिचा. काय गं, तुझ्या चौकोनात काय भरायचं?"

"काहीही चालेल, काकू."

"काहीही नावाचं चीज आमच्या इथं मिळत नाय," दादा म्हणाले.

"उद्या दुपारपर्यंत सांग," काकू म्हणाल्या. "विचार करून सांग. नुसतं हो ला हो नको."

रात्र नाही म्हटलं तरी त्याच विचारात गेली. साधी गोष्ट होती. पण मला खरंच माहीत नव्हतं. माणसाला आपली आवड कळायला आधी समोर दोन गोष्टी तरी लागतात. काही मागावं आणि ते यांना विचित्र वाटलं तर? महाग असलं तर? मागितलं आणि आवडलं नाही तर? सकाळी धारा काढून झाल्यावर मी गोठ्यामागं जाऊन मायला फोन लावला.

"काय वं, इतक्या सकाळीच? बरी आहेस नं?"

"बरी आहे. माय, लहानपणी मले दुधाचं काय आवडे?"

"दुधाचं?" ती हसली. "आपल्या घरी दूध कुठं होतं वं?"

मग तिची तीच म्हणाली, "खुरचन आवडे तुले. विसरली का?"

मी विसरले नव्हते. नुसतं वर काढलं नव्हतं. माय तालुक्याच्या गावी एका मिठाईवाल्याकडं कढया घासायला जायची. खवा आटवून झाला की कढईच्या बुडाला तपकिरी, जरा करपलेला थर चिकटलेला असायचा. शेठ म्हणायचा, घासायची कढई तुझी, तर खालचंही तुझं. ती उलथन्यानं ते खरवडून पळसाच्या पानात बांधून आणायची. कडवट, गोड, धुराचा वास असलेलं, दाताखाली चिवट. मी दारात बसून तिची वाट बघायची.

"का वं? काहून विचारते?"

"असंच. मालकीणबाई विचारत होत्या, काय आवडते म्हणून."

"काही मागू नको बाप्पा," माय लगेच म्हणाली. "देतील ते खाय. चांगले लोक आहेत, नजरेत येऊ नको."

दुपारी काकूंनी विचारलं. डेअरीला दूध घालणाऱ्या घरात, जिथं पातेल्याला जरासं दूध लागलं तरी काकू हळहळतात, तिथं मी काय सांगणार, की मला करपलेलं आवडतं? मी म्हणाले, "ताईंसारखंच करा."

ताई खूश झाल्या. "बघा, चव कळते तिला." काकूंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि कणकेच्या भिंती घातल्या. माझ्या चौकोनात पालक, जायफळ, फाडलेलं दूध भरलं.

ट्रे भट्टीतून आला तेव्हा दरवेळेसारखी चढाओढ झाली. माझा चौकोन काकूंनी स्वतः काढून माझ्या ताटात वाढला आणि मला त्यांच्यात पाटावर बसवलं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

"आवडलं?"

"हो. लई छान." मी मुद्दाम त्यांच्यासारखं बोलले.

"झालं! अजून एक पालकवाली," दादा म्हणाले. "आबा, आता आपलं मत फुटलं."

"तुझं आणि माझं मत एक कदी व्हतं रं?"

ते पुन्हा आपापसांत सुरू झाले. चव चांगलीच होती. पण जे दिलं ते माझं नव्हतं आणि दोष माझाच होता, आणि ते सगळे इतके प्रेमानं वागत होते की रडायलाही जागा नव्हती. गावापासून इतक्या लांब आल्यावर कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं, जितकं त्या पंगतीत बसून वाटलं. शेतात एकटी असते तेव्हा निदान कुणी बघत नसतं.

जेवणं उरकल्यावर ट्रे मागच्या मोरीवर आला. ही माझी वेळ. कडेला आणि कोपऱ्यात रस्सा, चीज, पोळीचा काठ असं सगळं आटून, करपून चिकटलेलं असतं. मी नेहमी आधी ते उलथन्यानं काढते आणि उभ्या उभ्या खाते. आबांच्या कोपऱ्यातला चक्का तळाशी लालसर होतो. दादांच्या चीजचा तर कुरकुरीत पापड होतो. त्यांच्यासारखं मला कळत नाही काय घालावं, पण खाली काय उरलं ते कळतं. खाताना मला मायच्या हातातलं पान दिसतं.

मागं काकू उभ्या होत्या, कढईत उरलेला रस्सा घेऊन.

"काय खातीस गं?"

मी उलथनं खाली ठेवलं. "काही नाही. चिकटलं होतं."

"पोट नाय भरलं का तुझं?"

"भरलं, काकू. खरंच भरलं."

"मग?"

सांगण्यावाचून इलाज नव्हता. सांगितलं नसतं तर त्यांना वाटलं असतं, ही उपाशी राहते. मी सांगितलं. कढई, मिठाईवाला, पान, सगळं. बोलताना माझे हात राखेत होते आणि मी शेजारचं पातेलं घासतच होते, एकच जागा. बोलून झालं तेव्हा वाटलं, आता यांना किळस येणार.

काकूंनी उलथनं उचललं. ट्रेच्या कोपऱ्यातून जरासं खरवडून तोंडात टाकलं. चावलं.

"कडू हाय की गं."

"थोडं असतंच कडू."

"मग दुपारी का नाय बोललीस? एवढं विचारलं तुला."

"करपलेलं कसं मागायचं, काकू?"

त्यांनी रश्श्याची कढई ठेवली, दाराशी गेल्या आणि आत ओरडल्या, "ऐका रं. हितून पुढं ट्रेवर पाणी कुणी घालायचं न्हाई. ती खरवडून घेतल्याबिगर न्हाई."

"का?" आतून दादांचा आवाज.

"तिचा कोपरा हाय तो!"

मी तिथंच बसले. आनंद झाला का? झाला. भीतीही वाटली, आता सगळ्या घराला माहीत झालं म्हणून.

संक्रांतीला ट्रे बेकरीत नेला तेव्हा काकू स्वतः गाडीवर मागं बसल्या, गुडघा दुखत असून. परत आल्या तेव्हा कडा दरवेळेपेक्षा काळपट होत्या. आबांनी आपला कोपरा ताटात घेतला आणि उलटून बघितला.

"बेकरीवाला झोपला व्हता का काय?"

"खा गप," काकू म्हणाल्या.

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग काकूंकडं, आणि करपलेला काठ बाजूला काढून निमूट खायला लागले. मला त्यांच्या चक्क्याचं वाईट वाटलं. मग लक्षात आलं, तो बाजूला काढलेला काठ त्यांनी ताटाच्या कडेला नीट जपून ठेवला होता. जेवण झाल्यावर तो त्यांनी परत ट्रेमध्ये टाकला.

चार वाजता ताई आणि दादा निघाले, अंधाराच्या आत पोचायला. गाडीला किक मारता मारता दादा ओरडले, "ट्रे ठेवलाय गं. पाणी घातलं न्हाई!" धूळ खाली बसली. आबा गोठ्याकडं गेले, काकू जरा आडव्या झाल्या. मी मोरीवर ट्रे घेऊन बसले आणि मायचा फोन आला.

"काय खाल्लं वं आज सणाचं?"

"खुरचन."



"त्यांनी देली?"

"हो. मुद्दाम ठेवली माझ्यासाठी."

"भांडं घासाचं तर तुलेच आहे नं ते?"

"मलेच आहे."

"मंग ठीक आहे," माय म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "मंग तुझंच आहे. सावकाश खाय."

मी सावकाश खाल्लं. मामांच्या नावाजवळच्या कडेपासून सुरुवात केली, आबांचा काठ शेवटी ठेवला. मग राख घेतली.