लगबगमावशींचं झाबाल्योने

मावशी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं होत्या आणि तेवढ्या वर्षांत एकाही रोग्याला त्यांच्या हातचं जेवण उशिरा मिळालं नाही. गरमही मिळालं नाही, पण तशी तक्रार कुणी केली नाही. एक तर माणूस आजारी, त्यात समोर मावशी. बाराचा भात साडेदहाला तयार असे. रात्रीचं सूप दुपारी तीनलाच झाकलेलं असे. गावाला जायचं तर मावशी गाडीच्या आधी दोन तास फलाटावर, आणि त्यांच्याही आधी तिथे फक्त झाडूवाला. लगबगमावशी हे नाव कुणी पाडलं, याचा शोध कुणी घेतला नाही. एकाच वेळी पन्नास जणांना सुचलं असणार.

गेल्या महिन्यात रुग्णालयाने ते स्वयंपाकघर बंद केलं आणि बाहेरून डबे मागवायला सुरुवात केली. मावशी घरी बसल्या. म्हणजे बसल्या नाहीतच. पहाटे चारला उठायचं, सहापर्यंत दुपारचं जेवण झाकून ठेवायचं आणि मग दिवसभर खिडकी ते दार, दार ते खिडकी. त्यांच्या यजमानांचं, म्हणजे काकांचं, कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. एका सकाळी ते म्हणाले, "अगं, उद्याचंही आजच करून टाक, म्हणजे उद्या तुला सुट्टी." मावशी हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. तेव्हा काकांच्या लक्षात आलं की हे दुखणं कुठल्याच किल्लीने उघडणारं नाही.

तेवढ्यात रुग्णालयामागे रोग्यांच्या नातेवाइकांसाठी नवं निवासस्थान उघडत असल्याचं कळलं. तिथे स्वयंपाकीण हवी होती, एकच. अर्ज तिघींचे आले. चाळीस माणसांचा स्वयंपाक तिघींच्याही हातचा मळ होता, त्यामुळे निवड कशी करायची हा पेच पडला. निवासस्थान चालवणाऱ्या डॉक्टरबाई ऐन तारुण्यात चार वर्षं इटलीत शिकलेल्या. त्यांनी तिघींना एकच पदार्थ करायला सांगितला: झाबाल्योने. अंड्याचं पिवळं, साखर आणि संत्र्याचा रस एका वाडग्यात घ्यायचा, तो वाडगा उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरायचा, आणि आतलं फुलून मऊ, दाट कस्टर्ड होईपर्यंत फेटत राहायचं. मग मोसमातल्या ताज्या फळांवर ओतायचं. इटलीत म्हणे रसाच्या जागी वाइन घालतात. मावशींना वाइनची काळजी नव्हती. त्यांना काळजी होती ती डॉक्टरबाईंनी दिलेल्या कृतीच्या कागदावरच्या शेवटच्या ओळीची: "वाढायच्या क्षणीच करावे."

"क्षणी म्हणजे किती आधी?" मावशींनी काकांना विचारलं.

"क्षणी म्हणजे आधी नाही."

"अहो, पण ऐनवेळी गॅस गेला तर? अंडं खराब निघालं तर?"

"तर डॉक्टरीणबाई आहेतच तिथे. नाडी बघतील."

मावशींच्या परीक्षेच्या दिवसापर्यंत बाकीच्या दोघींचं आटोपलेलं होतं. एकीचं पातळच राहिलं होतं, दुसरीच्या वाडग्यात अंड्याचे गोळे झाले होते. मावशींची वेळ एकची. सकाळी आठलाच त्या बाजारातून अंजिरं घेऊन निवासस्थानाच्या स्वयंपाकघरात हजर. अंजिरांचा भर मोसम होता. एकेक फळ असं पिकलेलं, की बोट लावायलाही भीती वाटावी. सोबत अंडी एक डझन. लागणार होती सहा, पण मावशी देवाघरी जातानाही एक जादा पिशवी घेऊन जातील. फेटायला व्हिस्क दोन. काका एक, दारात स्टुलावर.

सव्वाबाराला मावशींना राहवेना. "करून ठेवते," त्या म्हणाल्या.

"कागदावर काय लिहिलंय?"

"गरमच ठेवते ना मी. डब्यात."

तो डबा रुग्णालयातला: दुहेरी पत्र्याचा, खाली कढत पाणी, वर घट्ट झाकण. त्यात मावशींनी एकतीस वर्षं पेज ठेवली होती, खीर ठेवली होती, आणि कोमट होण्यापलीकडे कशालाही काहीही झालं नव्हतं. त्यांनी दहा मिनिटं फेटलं. ते इतकं सुंदर फुललं, की व्हिस्क उचलल्यावर पडलेली रेघ तशीच राहिली. काका स्टुलावरून उठून बघायला आले. मग मावशींनी ते डब्यात ओतलं, झाकण लावलं आणि आठवड्यात पहिल्यांदा खुर्चीवर टेकल्या.

एकला पाच मिनिटं असताना झाकण उघडलं. वर बोटभर फेस तरंगत होता. त्याखाली पिवळं पाणी, आणि पाण्यात तळाशी शिजलेल्या अंड्याच्या कण्या.

मावशींनी चमच्याने एकदा ढवळून पाहिलं. "पेजेला कधी असं झालं नाही," एवढंच त्या म्हणाल्या. शेजारच्या खोलीत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. डॉक्टरबाई आणि निवासस्थानाचे व्यवस्थापक जेवायला बसले होते.

"अंडी किती उरलीत?" काकांनी विचारलं.

"सहा."

"मग फोड. मी जाऊन त्यांना सांगतो."

"काय सांगणार?"

"थांबा म्हणून सांगतो. दुसरं काय?"

लोकांना थांबायला लावायचं, या कल्पनेनेच मावशींना घाम फुटला. आयुष्यात कुणी त्यांच्यासाठी थांबलं नव्हतं. पहिलं अंडं फोडताना कवच आत पडलं, ते काढलं. वाडगा वाफेवर चढवला. पलीकडे चमच्यांची टकटक सुरू झाली आणि प्रत्येक टकटकीला मावशींना वाटलं, आता उठून जातील. आच वाढवावी असं शंभरदा मनात आलं. दोनदा हात बटणापर्यंत गेला आणि परत आला. खांदा भरून आला, तरी मिश्रण पातळच. मग हळूहळू, जणू त्यालाही कुठे जायची घाई नव्हती, ते जड होत गेलं, आणि रेघ टिकली.

मावशींनी चिरलेल्या अंजिरांवर ते ओतलं आणि स्वतः घेऊन गेल्या. एक वाजून सोळा मिनिटं झाली होती.

डॉक्टरबाईंनी अर्धी वाटी संपवली, मग विचारलं, "उशीर का झाला?"

पाणी ऐनवेळी उकळलंच नाही, असं उत्तर मावशींनी दारापर्यंत येता येता तयार ठेवलं होतं. "आधी एकदा करून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "ते फुटलं. हे दुसरं आहे."

व्यवस्थापकांनी भुवया उंचावल्या. डॉक्टरबाईंनी चमचा ठेवला. "मावशी, इथे येणारी माणसं दिवसभर कुणाच्या तरी उशाशी बसलेली असतात. कुणी दोनला जेवेल, कुणी पाचला. त्यांच्यापुढे झाकून ठेवलेलं गारढोण नको. आली की करून वाढायचं. जमेल तुम्हाला?"

"काळजी वाटेल," मावशी म्हणाल्या.

"वाटू दे. जमेल का?"

"आज जमलं."

डॉक्टरबाईंनी वाटी पुन्हा जवळ ओढली. "सोमवारपासून या मग."

"किती माणसं असतील सोमवारी?"

"माहीत नाही. येतील तेवढी."

"किती वाजता?"

"तेही माहीत नाही."

मावशींनी पदर खोचला.

"बरं," त्या म्हणाल्या.