कोण न्हाई, चिमाआत्या!

मारुती गेल्याची खबर एसटीनं आली. दुपारची गाडी आमच्या गावात येऊन वळते, कारण पुढं रस्ताच नाही. पुढं धरणाच्या पाण्याच्या कडेनं पायवाट आणि वर जंगल. कंडक्टर एरवी गाडीच्या दारातूनच हाक मारतो आणि भोरहून मागवलेला खडूंचा खोका माझ्या हातात देतो. त्या दिवशी तो खाली उतरला, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "गुरुजी, कापूरहोळच्या गॅरेजवरनं निरोप हाय. मारुती सकाळी गेला, पुण्याच्या दवाखान्यात. संध्याकाळपर्यंत घिऊन येत्यात." त्याला कावीळ झालीय हे मला ठाऊक होतं. थोडेच दिवस आधी कापूरहोळच्या स्टँडवर आमची भेट झाली, तेव्हा डोळे हळदीसारखे झालेले, पण जिभेची धार तशीच. मला खालीवर न्याहाळून म्हणाला, "गुरुजी, पोट सुटाय लागलं तुमचं. मी येईस्तोवर पळणं सोडू नका." मी बरं म्हटलं आणि एसटीत चढलो. मागं वळून बघावं असं काही तेव्हा वाटलं नाही.

आमच्या खोऱ्यात मोठा माणूस पळताना दिसला की लोक एकच अर्थ लावतात. कुणीतरी गेलं. मीही ह्याच तालुक्यातला, आंबवड्याकडचा, त्यामुळं ही समजूत माझ्याही अंगात मुरलेली. शाळेवर नवीन हजर झालो होतो, शाळेच्याच खोलीत राहायचो, स्टोव्हवर भात शिजवायचा आणि भिंतीकडं बघत जेवायचा, असे ते दिवस. एका सकाळी तोंड धूत बसलो होतो, तर पाण्याच्या कडेनं एक गडी पळत येताना दिसला. अंगात बनियन, अर्धी चड्डी. हातातला तांब्या तसाच टाकून मी वाटेवर धावलो. "कोण गेलं रे?" त्यानं पाय थांबवले नाहीत, जागच्या जागी नाचवत राहिला. "कोण न्हाई, गुरुजी."

"मग पळतोस कशाला?"

"मग काय? पळतोय."

"कुणाकडं पण?"

"कुणाकडंच न्हाई. हितनं खिंडीपतूर, अन् खिंडीतनं परत," असं म्हणून गेलासुद्धा. मला वाटलं, गड्याचा एखादा स्क्रू ढिला असणार. पुढं कळलं की तो कापूरहोळला ट्रकच्या गॅरेजात मेस्त्री आहे, आणि ढिले स्क्रू आवळणं हाच त्याचा धंदा आहे. सुट्टीच्या आदल्या दिवशी तो शेवटच्या गाडीनं यायचा, वरच्या वाडीला आईकडं मुक्काम करायचा आणि सकाळी पळायचा. दोन-तीन सुट्ट्या मी त्याला नुसता बघत राहिलो. चौथ्या वेळी त्यानंच विचारलं, "नुसतं काय बघताय? चला की." मी गेलो. गेलो म्हणजे, पहिल्या ओढ्यापाशी बसकण मारली आणि तो परत येईपर्यंत तिथंच धापा टाकत होतो. पण नंतर कितीतरी वर्षं गेलो.

ती वाट मला आता डोळे मिटूनही दिसते. आधी पाण्याची कड. उन्हाळ्यात धरण आटत जातं तसा गाळ उघडा पडतो, मऊ, पायाला गार लागणारा. मग जांभळीची राई, तिच्यापुढं चिमाआत्याचं घर, मग मारुतीची वाडी, तिथून वर हिरड्याचं दाट रान आणि कारवीतून अंगावर येणारा चढ. खिंडीत पोचलं की मागं भाटघरचं पाणी आणि पुढं वेल्ह्याची बाजू, तोरण्याचं पठार. तिथं आम्ही बसायचो, गूळ-शेंगदाणे खायचो आणि फारसं बोलायचो नाही. मारुतीनं आमच्या दोघांच्या कॅनव्हासच्या बुटांना ट्रकच्या जुन्या टायरचे तळ शिवले होते. गाळात त्यांचे ठसे उमटायचे, आणि एकदा शाळेतल्या पोरांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं की रात्री धरणातून ट्रक गेलाय. मारुती हे ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला.

वाटेत घरं लागली की तो मोठ्यानं ओरडायचा. हे त्याचं ठरलेलं होतं. माणसं दचकून दारात यायची, त्यांनी विचारायच्या आत ह्याची आरोळी पोचलेली असायची, "कोण न्हाईऽ! कोण न्हाईऽ!" म्हणजे कुणी गेलेलं नाही, घाबरू नका, आपापली कामं करा. हळूहळू सगळ्या वाड्यांना सवय झाली. चिमाआत्याला मात्र सवय झालीच नाही, की झाली असूनही तिला तो खेळ मोडायचा नव्हता, देव जाणे. म्हातारी एकटी, मुलगा गिरणीत गेला तो तिकडचाच झाला. मिसरी लावत दारात उभी राहायची आणि कपाळावर हात धरून विचारायची, "कोण गेलं रं?"

"कोण न्हाई, चिमाआत्या!"

"मग पळतुयास कशाला, मेल्या?"

एवढं झालं की आम्ही पुढं. मी त्याच्या मागं असायचो आणि गप्प असायचो. ओरडणं हे खातं त्याचं होतं.

एकदाच, खिंडीत, मी त्याला चिडवत होतो, "नावच मारुती. पळणार नाहीस तर काय करशील!" तो म्हणाला, "धम्म घेतला तवा देव सोडले, गुरुजी. नाव तेवढं ऱ्हायलं." मग आपणहून सांगू लागला. त्याच्या घराकडं पूर्वी गावकीचं काम होतं. गावात कुणी गेलं की मयताचा सांगावा घेऊन पै-पाहुण्यांच्या गावी पळायचं, हे त्याच्या आज्याचं काम. ऊन असो, पाऊस असो. "अंगणाच्या भायेर उभं ऱ्हायचं. तिथनंच सांगायचं. तहान लागली तर वंजळ धरायची, वरनं वतायचे. आज्याचे पाय लई चपळ व्हते म्हणत्यात. पण आज्या आपल्यासाठी कवा पळला न्हाई, गुरुजी. कुणीतरी मेल्याबिगर त्येला पळाय मिळालं न्हाई." बौद्ध झाल्यावर त्याच्या बापानं ते काम सोडलं, त्यासाठी गावाचा राग सोसला. "म्हणून मी ओरडतो. ऐकू द्या समद्यांस्नी. माझ्यापाशी कुणाचा सांगावा न्हाई." एवढं बोलून तो उठला आणि उतारावरून असा सुटला की मला दिसेनासाच झाला. पुन्हा त्यानं हा विषय काढला नाही.

...त्या दुपारी एसटीभोवती माणसं जमली. वरच्या वाडीला मारुतीची आई एकटी होती. संध्याकाळी त्याला आणायच्या आत तिला कळायला हवं होतं. "कुणाला तरी धाडा की लगोलग," कुणीतरी म्हणालं, आणि दोन-चार म्हाताऱ्यांच्या नजरा सवयीनं गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीकडं वळल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आज म्हणू शकतो. त्या वेळी माझं डोकं भणाणलं. "कुणाला धाडायचं नाही, मी जातो," असं मी ओरडलो, पोरांना घरी सोडलं, टायरचे बूट घातले आणि निघालो. चालत गेलो असतो तरी चाललं असतं. पण पाय ऐकेनात.

मी पळत होतो आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. वाटेवरच्या घरांतून माणसं दारात आली आणि कुणी काही विचारलं नाही. इतक्या वर्षांत आम्ही मारुतीच्या आरोळीशिवाय कधी पळालो नव्हतो. चिमाआत्यानं मला दुरूनच बघितलं, मग माझ्या मागची वाट बघितली. "गुरुजी," ती म्हणाली, "मारुती कुठं हाय?" मला थांबता आलं नाही. पुढं वळणावरून पाहिलं तर ती उंबऱ्यावर खाली बसली होती.

मारुतीच्या आईनं मला बघताच आत बोलावलं, चुलीजवळ बसायला पोतं दिलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. ती नेहमीच असं करायची. मी पाणी प्यालो, मग सांगितलं. ती रडली नाही, निदान लगेच नाही. माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडं बघत राहिली. "पळत आलासा?"

"हो, माय."

"आमच्यातल्या कुणासाठी आजवर कोण पळत आलं न्हवतं, गुरुजी," ती म्हणाली, आणि मग तिनं पदर तोंडात धरला. मी कुणाच्या घरात एवढा रडलो नव्हतो.

आता बरेच दिवस झाले. धरण आणखी आटलंय. जांभळीच्या राईखाली गाळ वाळून दगडासारखा झालाय आणि त्यात आमच्या दोघांचे जुने ठसे तसेच आहेत, त्याचे पुढं, माझे मागं. जूनमध्ये पाणी चढेल तेव्हा जातील. रविवारी सकाळी खोलीत बसवेना. भात नको, वर्तमानपत्र नको, कुणी दोन शब्द बोलायला यावं असंही वाटेना, कारण जो यावा असं वाटत होतं तो येणार नव्हता. पळणं सोडू नका, म्हणाला होता. मी बूट चढवले.

चिमाआत्या दारात उभी होती. तिनं कपाळावर हात धरला, पण विचारलं काहीच नाही. मी जवळ येत गेलो तरी ती गप्प, आणि ते मला सोसेना. हे खातं माझं नव्हतं, मला त्याच्यासारखं ओरडता येत नाही, तरी छातीत होता नव्हता तेवढा दम एकवटून मी ओरडलो,

"कोण न्हाई, चिमाआत्या!"

तिनं माझ्या मागच्या रिकाम्या वाटेकडं बघितलं.

"व्हय गुरुजी," ती हळूच म्हणाली. "कोण न्हाई."