कॉटन आणि जॉर्जेटचं पुन्हा पहिल्यापासून

सुरतेच्या उधन्यातील समस्त आप्तेष्ट, शेजारी आणि हितचिंतक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, चि. कॉटन आणि चि. सौ. कां. जॉर्जेट यांची जमलेली सोयरीक मोडली असून बोलणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आहेत. वर आणि वधू सध्या आमच्याच पुढच्या खोलीत उतरले आहेत, मध्ये लोखंडी जाळी आहे. कृपया आहेर आणू नये. आणायचाच तर कोथिंबीर आणावी.

दोघं ससे आहेत. आणि ज्या बाईनं ही सोयरीक एकदा जमवून दाखवली होती, त्या आमच्या शेजारीण शकुंतलाअक्का सहा आठवड्यांपूर्वी गेल्या. सकाळी मंदा, माझी बायको, त्यांना चहाला बोलवायला गेली आणि तशीच परत आली. ‘अक्का उठत नाहीत,’ एवढंच म्हणाली... गल्लीतल्या लग्नांत, बारशांत माइक माझ्याच हातात असतो, म्हणून अक्कांवर मीच लिहावं असं सगळ्यांचं मत पडलं. काहीतरी हसवणारं लिहा, म्हणाले. लिहितो. पण मला भयंकर राग आलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

अक्का मूळच्या खानदेशातल्या. नवरा लूमवर होता, तो गेल्यावर त्या घरी बसून साड्यांना लेस लावायच्या. राजू आणि वैशाली, दोन्ही मुलं लग्न होऊन आपापल्या घरी. राजू भेस्तानला, वैशाली पर्वत पाटियाला, दोघं सुरतेतच. गावी परत चाललेल्या एका शेजाऱ्यानं जाताना आपला ससा अक्कांच्या पदरात टाकला. सुरतेत सगळं मिळतं, सुती तेवढं शोधावं लागतं, म्हणून त्यांनी त्याचं नाव कॉटन ठेवलं. हा कॉटन एकटा बसून स्वतःचेच केस उपटायचा. डॉक्टर म्हणाले, याला जोडीदारीण आणा. मी म्हटलं, ‘अक्का, तुम्ही नाही का राहत एकट्या?’ तेव्हा त्या लेसची सुई न थांबवता म्हणाल्या, ‘मला जमतं म्हणून त्यालाही जमलंच पाहिजे का?’

अशी जॉर्जेट आली. आम्हाला वाटलं, नर आणि मादी, एका पिंजऱ्यात सोडले की झालं. डॉक्टरांनी अक्कांना समजावून सांगितलं की सशांचं तसं नसतं. आधी नराचं ऑपरेशन. मग दोन पिंजरे शेजारी शेजारी. याच्या अंगावरून फिरवलेलं फडकं तिच्या पिंजऱ्यात, तिचं याच्या, म्हणजे एकमेकांचा वास अंगवळणी पडतो. त्यासाठी अक्कांनी साडीचे उरलेले तुकडे काढले आणि तीन तीन वेळा धुतले, कारण नव्या कापडाला मिलचा वास असतो आणि त्यात बिचाऱ्या जॉर्जेटचा वास कुठून लागणार? तीन महिने हे चाललं. जाळीला नाक लावण्यापर्यंत प्रगती झाली. आणि इथे आम्ही घुसलो.

आम्ही म्हणजे गल्ली, आणि गल्ली म्हणजे मी. जाळीच्या जागी अंतरपाट धरायची कल्पना माझी. कॉटनला मुंडावळ्या, जॉर्जेटला हिरवा दोरा, सव्वीस माणसं, पेढे. अक्का सांगत होत्या, ‘घाई कसाले करस रे भाऊ? त्यासले त्यासना येळ लागी.’ पण मुहूर्त काढलेला होता. मी चार मंगलाष्टका रचलेल्या होत्या, त्या काय वाया घालवायच्या? सावधान म्हटलं, अंतरपाट खाली गेला, अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या... आणि त्या आवाजानं भेदरलेली जॉर्जेट सरळ कॉटनच्या कानावर. खोलीभर केस उडाले. कान फाटला. पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

अक्का आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एकदा भिंतीपलीकडून हाक आली, ‘भटजी, जिवंत आहात का?’ त्यांनी सगळं पुन्हा सुरू केलं होतं. या वेळी न्हाणीघरात, कारण ती जागा दोघांपैकी कोणाचीच नव्हती. रोज दुपारी काम बाजूला ठेवून त्या पाटावर बसायच्या, हातांत जाड मोजे, दोघांना दहा मिनिटं समोरासमोर सोडायच्या आणि एकानंही पाय आपटला की उचलायच्या. दहाची पंधरा मिनिटं व्हायला महिना लागला. गुडघे दुखायचे, पाटाशेजारी बामाची बाटली असायची. मी दारातून विचारायचो, ‘काय म्हणतेय नवरी?’ त्या म्हणायच्या, ‘आज तिनं त्याच्याकडे पाठ करून खाल्लं. पाठ करून खाते म्हणजे भीती गेली.’ असे आठ महिने. मग एका दुपारी मला हातानंच बोलावलं, तोंडावर बोट ठेवून. जॉर्जेट कॉटनचा तो फाटका कान चाटत होती. अक्का भिंतीला टेकून बसलेल्या, मोजे काढून मांडीवर ठेवलेले. 

आता रागाचं.

तेराव्याला पंगत उठली आणि राजू-वैशालीनं घरातल्या वस्तू वाटून घेतल्या. काय सांगू, आदर्श वाटणी! भांडण नाही, आवाज नाही. कपाट तुला, मशीन मला. ‘तू घे गं,’ ‘नको दादा, तूच घे.’ सगळ्यात शेवटी ससे. राजू म्हणाला, ‘एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. दोघांकडे आईची आठवण राहील.’ वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, भाऊबहीण असावेत तर असे. एक ससा भेस्तानच्या रिक्षात बसला, एक पर्वत पाटियाच्या. आठ महिन्यांचं काम दोन रिक्षांत मोडलं आणि वर कौतुक!

तीन आठवड्यांनी वैशालीचा फोन आला. ‘काका, ती खात नाही. नुसती कोपऱ्यात बसते.’ राजूकडे विचारलं तर कॉटननं पुन्हा केस उपटायला घेतलेले. मी तसाच उठलो आणि दोघांना घेऊन आलो. वाटलं, भेटतील, कान चाटतील. आमच्या न्हाणीघरात सोडले. या वेळी कॉटन धावून गेला. जॉर्जेटच्या पाठीवरचा केसांचा पुंजकाच्या पुंजका त्याच्या तोंडात. मी मधे हात घातला तो मलाही चावला. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ‘वास भूली गया. हवे बधुं पहेलेथी, भाई.’ वास विसरले. आता सगळं पहिल्यापासून. शिवाय दर वेळी जमेलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं.

रविवारी मी दोघा मुलांना बोलावून घेतलं. चांगलं तासभर बोललो. उभं राहून बोललो. तुमची आई त्या ओल्या न्हाणीघरात आठ महिने बसली, तुम्ही एकदा तरी विचारलंत का ती काय करते? कपाट कापून अर्धं अर्धं घेतलं असतंत का? राजू मान खाली घालून जाळीकडे बघत होता. म्हणाला, ‘आई फोनवर सांगायची, ससे मजेत आहेत म्हणून. आम्हाला वाटलं, पाळलेत, झालं.’ मी म्हटलं, वाटलं कसं? एवढी मोठी गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोर मोडत होती आणि तुम्ही दोघं एकमेकांना तू घे, तू घे करत होतात! माझा आवाज चढला तसे ससे पिंजऱ्यात पाय आपटायला लागले. मंदा म्हणाली, ‘अहो, हळू.’ मी हळू झालो नाही. तिथं एकालाही कळू नये, म्हटलं, एकानंही तोंड उघडू नये?

 वैशालीनं वर बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, ‘काका, तेराव्याला तुम्ही तर पुढच्याच पाटावर होतात. एरवी तुमचं तोंड कधी मिटत नाही, नेमकं त्याच दिवशी कसं मिटलं?’