चौकशी फक्त आतल्यांची

आचारी माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतत होता. तांब्या अंगाला लागू नये म्हणून हात लांब धरून. तेवढ्यात गोरा साहेब छावणीच्या फाटकातून आत आला.

एकाहत्तरची लढाई नुकतीच संपली होती. धरलेल्या बोटीवरचे शत्रूचे खलाशी उरणजवळच्या जुन्या मिठाच्या गोदामात कोंडले होते. भोवती काटेरी तार. मी तिथं संडास धुवायला. एकोणीस वर्षांची, कोकणातल्या बौद्ध झालेल्या घरातली. कैद्यांशी बोलायची मला बंदी. बाकीचे माझ्याशी बोलतच नसत. दिवसच्या दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही.

साहेब तिसऱ्याच देशाचा. ना त्यांचा, ना आपला. कैद्यांना नीट वागवतात का, बघायला आलेला. त्यानं त्यांची डाळ चाखली. कांबळी हुंगली. त्यांच्या पिंपातलं पाणी पिऊन बघितलं. अधिकाऱ्याला लांब उभं करून एकेकाला विचारलं. दुभाषी मोठ्यानं सांगायचा, "कोई बेइज्जती करता है?"

संडासाच्या दारात खराटा धरून मी ते ऐकलं. माणसाला असं विचारतात?

निघताना साहेबानं माझ्याकडं बोट करून काहीतरी विचारलं. मघाची ओंजळ त्यानं बघितली असावी. अधिकारी हसला. "ती कैदी नाही. आपलीच आहे. झाडूवाली."

साहेब दुभाष्याशी दोन शब्द बोलला. मग मान हलवून जीपकडं गेला.

मी दुभाष्याला गाठलं. "काय म्हनले?"

"त्यांना फक्त आतल्यांची चौकशी करता येते."

आपलीच!

खराटा टाकला. कैद्यांच्या पिंपाशी गेले. पेला बुडवला. प्यायले.

आचारी धावला. "बाटवलंस सगळं!"

"मग कोंडा मला. आत पेला तरी मिळंल."

अधिकाऱ्यानं तिथल्या तिथं कामावरून काढलं. तारेमागून एक म्हातारा खलाशी बघत होता. खाडीच्या बांधावरून एकटी चालत आले. रडले नाही.

पुढं पावणे गावातल्या कारखान्यात लागले. तिथं जेवायच्या सुट्टीत आमच्या बायांना गटाराकडेला बसवत. आमची चौकशी करायला कुठलाच साहेब येणार नव्हता. मीच मुकादमासमोर उभी राहिले. "आमी इथं का बसायचं?"

बाया खाली बघत राहिल्या. एकही उठली नाही.

दुसऱ्या दिवशी परत विचारलं. अजून विचारते. मागं कुणी उभं राहो न राहो, विचारणार.